रान माजलेली बावीस गुंठे वाडी: एका खरेदीनंतरची अडीच वर्षं

पार्श्वभूमी

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरचं एक गाव. पुण्यातल्या एका जोडप्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे जुनं कौलारू घर आणि त्याला लागून असलेली बावीस गुंठे वाडी, म्हणजे माड-पोफळींची (नारळ-सुपारीची) बाग, विकत घेतली. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. या दोघांना मालक आणि मालकीणबाई म्हणतो. लिहायला त्यांची संमती आहे. चुका झाकू नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

मालकांच्या वडिलांच्या नावे साताऱ्याकडे सातबारा होता, त्यामुळे शेतजमीन घ्यायला अडचण आली नाही. विकणारे मुंबईत राहणारे चार वारस. त्यांची आजी शेवटपर्यंत या घरात राहिली आणि ती गेल्यावर २०१८ पासून घराला कुलूप लागलं. तरी वर्षातून दोनदा कोणीतरी येऊन नारळ पाडून घ्यायचं, बेणणी (तण काढणं) करून घ्यायचं, म्हणजे वाडी जिवंत होती. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते किनाऱ्यावर धडकलं उत्तरेला, रायगडात, पण दापोली-मंडणगडच्या वाड्याही त्याने आडव्या केल्या. या वाडीतले अकरा माड पडले आणि निम्म्याहून जास्त पोफळी मोडल्या. करोनाचे दिवस होते, वारसांना येता आलं नाही. पडलेली झाडं पडल्या जागीच राहिली.

वाडीत रान माजतं ते दुर्लक्षामुळे, असं सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. माड-पोफळींची सावली दाट असेल तर घाणेरी आणि रानमोडी ही रानटी झुडपं तिथे फारशी तग धरत नाहीत. इथे वादळाने वरचं छत उडवलं, ऊन थेट जमिनीवर आलं आणि पुढच्या तीन पावसाळ्यांत रानाने वाडी गिळली. हे लक्षात घेतलं नाही तर माणूस नुसतं रान कापत बसतो. सावली परत आणायची आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

माझी कलमांची छोटी रोपवाटिका आहे. शहरातून येऊन वाडी घेतलेल्यांकडे बघायला, सांगायला मी जातो. मला फोन आला फेब्रुवारी २०२३ मध्ये. तोवर सर्वांत महागात पडलेले दोन निर्णय घेऊन झाले होते.

अडचण

जमिनीची ठेवण आधी सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. घराच्या मागे जांभ्याचा उतार, त्यावर चार जुने हापूस आणि एक फणस. उताराच्या पायथ्याला चिऱ्यांनी बांधलेली विहीर. विहिरीपासून खाली सपाटीवर माड-पोफळींची वाडी, आणि तिला पाणी फिरवणारा दगडी पाट. सगळ्याभोवती गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण.

खरेदीच्या वेळी यातलं काहीही दिसत नव्हतं. मागच्या दारातून विहीर चाळीस फुटांवर, पण तिथे पोचायला कोयता लागला. घाणेरी पुरुषभर उंच. उतारावर रानमोडी. उरलेल्या पोफळींवर खाजकुयलीच्या वेली चढलेल्या, शेंगा अगदी पिकायच्या बेतात. चारही हापूसवर बांडगूळ, इतकं की एका झाडावर आंब्याचं पान शोधावं लागत होतं. पाट मातीखाली गाडला गेला होता. त्याच्या असण्याची कल्पना ना वारसांनी दिली, ना खरेदीखतात तसा काही उल्लेख होता.

मालकांना घाई होती आणि ती समजण्यासारखी होती. मे महिन्यात मुलगी-जावई नातवंडांना घेऊन राहायला येणार होते. दोन लहान मुलं आणि पावलोपावली फुरसं सापडू शकेल असं रान. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाची भीती कोणी मनातली म्हणून उडवून लावत नाही. जांभ्याचे सुटे दगड आणि पाचोळा ही त्याची हक्काची जागा. पहिल्याच आठवड्यात एका गड्याने विहिरीजवळ एक पाहिलंही. दुसरं कारण पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि जूनपासून चार महिने वाडीत मोठं काम होत नाही. म्हणजे हातात सहा महिने.

समोर असलेले पर्याय

जाळणं. गावातल्या दोघातिघांनी हेच सुचवलं. फेब्रुवारीत सगळं कोरडं झालं की एक काडी पुरते. शेतातली भाजावळ या भागाला नवी नाही. पण भाजावळीत कवळं-पातेरा (फांद्या-पालापाचोळा) रचून, राखण ठेवून, ठरवलेल्या तुकड्यात आग लावतात. बावीस गुंठ्यांतलं उभं रान पेटवणं म्हणजे वणवा. लागूनच दुसऱ्याची आंबा-काजूची बाग, आणि उन्हाळ्यात वणव्याने बागा गेल्याच्या घटना इथे दरवर्षीच्या. मालकीणबाईंनी हा पर्याय पहिल्या मिनिटाला बाद केला.

तणनाशक. दुकानात विचारणा झाली. ग्लायफोसेट कोणी वापरायचं यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्येच बंधन घातलं होतं. पण खरं कारण विहीर. घरात प्यायचं पाणी तीच देते आणि ती उताराच्या पायथ्याला आहे. जे वर फवारू ते पावसात खाली येणार.

गड्यांकरवी हाताने साफसफाई. गावातले साठीचे एक जाणते गडी आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. वीस वर्षांपूर्वी याच वाडीत ते शिंपण्याचं काम करत. त्यांनी अंदाज दिला: उतार आणि विहिरीभोवतालच्या भागाला पंचेचाळीस गडी, म्हणजे एका माणसाचे तेवढे दिवस, लागतील. मजुरी दिवसाला ६०० रुपये, म्हणजे २७,००० रुपये. खालची वाडी वेगळी. वेळ साधारण दोन महिने, कारण गडी रोज मिळत नाहीत. आंब्याच्या फवारण्या सुरू असतात.

जेसीबी. तासाला १,२०० रुपये. चालकाने पाहून चौदा तास सांगितले. १६,८०० रुपयांत आणि अडीच दिवसांत काम संपणार होतं.

कागदावर कोणीही जेसीबीच निवडेल. मालकांनी तोच निवडला. दादांनी एकदाच सांगितलं होतं, "साहेब, उताराला यंत्र नको, माती सुटेल." मालकांना वाटलं, रोजगार जाईल म्हणून म्हणताहेत. आजही हा विषय निघाला की मालकांच्या चेहऱ्यावर याचं वाईट वाटणं दिसतं.

जानेवारीतले अडीच दिवस

यंत्र आत आणायला वाट नव्हती. शेजारच्या आजींच्या अंगणाच्या बाजूचा गडगा दहा-बारा फूट पाडला, त्यांच्या परवानगीने. पहिल्या दिवशी उतार साफ झाला. घाणेरी मुळासकट निघाली, रानमोडी निघाली, आणि त्यांच्याबरोबर वीतभर काळी मातीही निघाली. संध्याकाळी मालकांनी काढलेला फोटो मी पाहिला आहे: लालबुंद, गुळगुळीत, नव्या क्रीडांगणासारखा उतार. तो फोटो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना आनंदाने पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वरच्या अंगाला बकुळीखाली एक शेंदूर पुसट झालेला दगड निघाला. चालक गावचाच मुलगा. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, चप्पल काढली आणि सांगितलं की राखणदाराच्या (जागा राखणाऱ्या देवाच्या) जागेला बकेट लावणार नाही. मालकांनी दगड होता तिथेच ठेवला, बकूळही ठेवली. त्या दगडामुळे विहिरीच्या वरची पंधरा फुटांची पट्टी खरवडायची राहिली. पुढे पावसात विहीर पूर्ण बुजली नाही ती या पट्टीमुळे.

त्याच दिवशी विहिरीजवळची तीन जायफळं चर्चेत आली. दोन झाडांना फळं होती. तिसरं सर्वांत उंच, डेरेदार आणि त्याला एकही फळ नव्हतं. त्याचा पाला थेट विहिरीत पडत होता. दोन ठेवली, एक काढलं. करवतीने कापलं आणि बुंधा जेसीबीने मुळासकट उपटला.

यंत्राचा आवाज थांबल्यावर गडग्याच्या पडलेल्या भागातून आजी आत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत. आडवं पडलेलं झाड पाहून त्या मालकीणबाईंना म्हणाल्या, "अगो, तो नर होता. आता ह्या दोघींना फळ कुठून धरायचं?"

जायफळाचं हे असंच आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराला फळ कधीच येत नाही. बागायतदार दहा माद्यांमागे एक तरी नर राखतात. रोप बियांपासून केलेलं असेल तर नर की मादी हे फुलावर येईपर्यंत कळतही नाही, आणि त्याला सहा-सात वर्षं जातात. आजींनी ते झाड फुलताना पन्नास वर्षं पाहिलं होतं. मालकीणबाईंना त्यांचं बोलणं कळलं, पण झाड तर पडलेलं होतं.

मोजणीची वही

मी गेलो तेव्हा वरचा उतार उघडा पडला होता आणि खालची वाडी तशीच होती. पहिलं सांगितलं ते हे की आता काही कापायचं नाही, आधी मोजायचं. दादा, मालकीणबाई आणि मी तीन दिवस वाडीत फिरलो. पायात गमबूट, हातात काठी, सकाळी ऊन वर आल्यावरच आत शिरायचं, दगडाच्या ढिगात हात घालायचा नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ना याची मालकांनी आधी जाऊन खात्री केली. हे काम मी हल्ली सगळ्यांना पहिल्या दिवशी करायला लावतो.

झाडांना चिंध्या बांधल्या. पांढरी म्हणजे ठेवायचं, पिवळी म्हणजे वर्षभर पाहायचं, तांबडी म्हणजे काढायचं. पिवळ्या सर्वांत जास्त लागल्या. वेलींच्या जाळीत मिरीचे दोन वेल सापडले, एक नीरफणस, दोन रातांबे (कोकमाची झाडं), आणि घराच्या कोपऱ्यात अनंत. दादा पायाने माती चाचपत चालत होते. एका जागी थांबून त्यांनी कुदळीचे चार घाव घातले आणि पाटाचा पहिला चिरा उघडा केला.

माड एकूण सव्वीस उभे. त्यांतल्या पाचांचा शेंडा मेलेला. उरलेल्या एकवीसपैकी चौदांच्या झावळ्यांना कात्रीने त्रिकोणी नक्षी कापावी तशा चिरा होत्या. ही गेंड्या भुंग्याची खूण. तो शेंड्यात शिरून उमलायच्या आतलं कोवळं पान पोखरतो, आणि ते पान उघडलं की कापलेलं दिसतं. मालकांचं म्हणणं होतं की औषध मारू. मी विचारलं, भुंगा येतो कुठून? दादांनी उत्तर दिलं नाही, कुऱ्हाड उचलली. अडीच वर्षं पडून राहिलेल्या एका माडाच्या खोडावर त्यांनी घाव घातला. खोड ओल्या पावासारखं फुटलं. आत अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, अर्धवर्तुळात मुडपलेल्या अळ्या. तेवढ्या वीतभर जागेत आम्ही सतरा मोजल्या. अशी अकरा खोडं वाडीत पडली होती. वादळाने अकरा माड मारले आणि त्या अकरांनी उरलेल्यांना मारणारी पैदास पोसली.

म्हणून क्रम बदलला. मालकांना आधी घाणेरी काढायची होती, कारण ती डोळ्यांना खुपत होती. आम्ही आधी खोडं घेतली. पाऊस लागला की भुंगे उडू लागतात, त्याआधी हे व्हायला हवं होतं. मार्चअखेर अकराही खोडं आणि पाच मेलेले माड फोडून, उन्हात वाळवून सरपणाला लावले. अळ्या आजींच्या कोंबड्यांनी दोन आठवडे खाल्ल्या. जुन्या उकिरड्यात मेटारायझियम बुरशीचं पाणी शिंपलं. ती अळ्यांना रोग आणते. उभ्या माडांवर चढून पाडेल्याने (नारळ पाडणाऱ्याने) तारेच्या आकड्याने भुंगे ओढून काढले आणि कोवळ्या पानांच्या बेचक्यात वाळूत मिसळून डांबरगोळ्या ठेवल्या. दर दीड महिन्याने पुन्हा.

मग खालची वाडी. इथे यंत्र आत घेतलं नाही, ग्रासकटरही सपाट गवतापुरताच. खाजकुयली आणि ग्रासकटर यांची गाठ पडू नये हे आम्ही एका गड्याच्या अंगावर शिकलो: सुकलेल्या शेंगांची कुसं पात्याने उडाली आणि तो तासभर विहिरीवर बसून होता. पुढे वेली बुंध्याशी कापून तशाच सुकू दिल्या आणि पहिल्या पावसानंतर ओल्या असताना उतरवल्या. घाणेरी वर कापून उपयोग नाही, ती बुंध्यापासून दुप्पट फुटते. ती जमिनीखाली बोटभर कापून मुळ्या उलट्या करून ठेवल्या. पाचोळा जाळला नाही, माडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत घातला.

त्या वहीत मी एक ओळ लिहिली होती: "जायफळ, २, मादी, तब्येत चांगली." नर कुठे आहे हे मी विचारलं नाही. शेजारच्या वाडीत असेल असं गृहीत धरलं. आजी मालकीणबाईंना काय म्हणाल्या होत्या ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलं असतं तर ते त्याच दिवशी कळलं असतं.

पहिला पावसाळा

जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात मालकांनी विहिरीचा फोटो पाठवला. पाणी चहासारखं. उघड्या उताराची माती दोन जोरदार सरींत सुटली, पाडलेल्या गडग्याच्या जागेतून एक ओघळ आजींच्या अंगणात गेला आणि दुसरा विहिरीत. दादा जे एकदाच बोलले होते ते अक्षरशः घडलं.

भर पावसात जे करता येईल ते केलं. उतारावर आडव्या रेषांत झावळ्या आणि सोडणं (नारळाची सालं) टाकली, खुंट्या मारून अडकवली. त्यांच्यामागे गिरिपुष्पाच्या काड्या लावल्या. त्या पावसात लगेच रुजतात आणि पाला खतालाही होतो. दोन महिने पिण्याचं पाणी आजींच्या विहिरीवरून आणलं. दिवाळीनंतर गडगा रचून घेतला, खर्च ९,००० रुपये. एप्रिल २०२४ मध्ये पाणी तळाला गेल्यावर विहिरीचा गाळ उपसला, १४,००० रुपये. जेसीबीने वाचवलेले १०,२०० रुपये आणि वर १२,८०० असे त्या अडीच दिवसांनी घेतले. गेलेल्या मातीची किंमत यात धरलेली नाही. वीतभर माती त्या उतारावर साठायला किती पावसाळे लागले असतील?

आणखी एक नुकसान उशिरा दिसलं. विहिरीखालच्या एका तरुण माडाच्या खोडाला बकेट घासली होती. ऑक्टोबरमध्ये त्या जखमेतून तपकिरी चीक गळू लागला. सोंड्या भुंगा अशाच जखमेतून आत जातो. आतून कुरतडल्याचा आवाज येतो तोवर फार उशीर झालेला असतो. तो माड काढून जाळावा लागला. दुसऱ्या घासलेल्या माडाची जखम वेळीच साफ करून बोर्डो पेस्ट लावली, तो वाचला.

आंबे आणि फणस

हापूसची गोष्ट साधी आहे. बांडगूळ नुसतं खुडलं तर परत फुटतं. ज्या फांदीत ते रुतलं आहे ती फांदी रुतलेल्या जागेच्या खालून कापावी लागते. दोन झाडं पहिल्या वर्षी, दोन पुढच्या, म्हणजे सगळा मोहर एकदम जाणार नाही. प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. छाटणीनंतर खोडकिडा येतो, म्हणून बुंध्याशी भुसा पडतोय का हे मालक रोज पाहतात.

फणसाची फांदी घरावर येत होती आणि मालकांना अख्खं झाड काढायचं होतं. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. ती खासगी जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगीचा अर्ज लिहून तयार होता. मालकीणबाईंनी तो दिला नाही. कौलांवरची एक फांदी उतरवली आणि पुढच्या मे महिन्यात नातवंडांनी त्याच झाडाचे गरे खाल्ले.

जायफळांचं पुढे काय झालं

२०२३ च्या पावसाळ्यात दोन्ही माद्यांखाली नेहमीसारखी फळं पडली. मालकांना हायसं वाटलं, आजींचा अंदाज चुकला असं ते बोलूनही गेले. मला मालकीणबाईंनी सगळी हकीकत तेव्हा सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला. जायफळ फुलापासून पिकायला साधारण नऊ महिने घेतं. ती फळं नर उभा असताना धरलेली होती.

२०२४ च्या पावसाळ्यात झाडाखाली पाचोळा होता. दोन्ही झाडांची मिळून एकोणीस फळं. दूरच्या कुठल्यातरी नराचा पराग आला असेल तेवढीच. आदल्या वर्षी पायली भरून सुकवली होती.

बुंधा राहिला असता तर फूट आली असती. तो नव्हता. तीन मार्ग होते: रोपं लावून नर निघण्याची वाट पाहणं, नराचं तयार कलम लावणं, किंवा मादीच्याच एका फांदीवर नराची काडी बांधणं. पहिला ऐंशीच्या आजींना काय, साठीच्या मालकांनाही परवडणारा नव्हता. मी आतल्या गावातल्या एका बागायतदाराकडून फुलत्या नराच्या काड्या आणल्या. त्याच पावसाळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला, पाला पाण्यात पडणार नाही अशा अंतरावर, नराचं एक कलम लावलं आणि एका मादीच्या खालच्या दोन फांद्यांवर काड्या बांधल्या. एक काडी सुकली, एक लागली.

फलित

मे २०२५ मध्ये वाडी अशी आहे. वीस माड उभे आहेत आणि नव्या झावळ्यांवर चिरा जवळजवळ नाहीत. पहिल्या वर्षी चारशेच्या आत नारळ मिळाले होते, या वर्षी अकराशेच्या आसपास. पडलेल्या माडांच्या जागी पंचवीस फुटांवर बाणवली जातीच्या नारळाची दहा रोपं आहेत, मध्ये केळी, म्हणजे सावली धरायला लागली आहे. जिथे सावली धरली तिथे घाणेरी परतलेली नाही. उतारावर मात्र रानमोडी दर वर्षी येते आणि डिसेंबरात तिच्या म्हाताऱ्या उडायच्या आत ती उपटावी लागते. पाट वाहतो. विहिरीचं पाणी गेल्या पावसाळ्यात गढूळ झालं नाही. उताराची वरची माती गेली ती गेलीच. तिथल्या दोन आंब्यांची पानं अजून पिवळट आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मालकांशी यावर माझं पूर्ण एकमत नाही. ते म्हणतात, यंत्र चुकीचं नव्हतं, जागा चुकीची होती. घरापुढचं सपाट अंगण जेसीबीने केलं असतं तर मुलांसाठी मोकळी जागा लगेच मिळाली असती आणि उतार दोन वर्षं घेऊन सावकाश करता आला असता. हे मला पटतं. मेच्या मुदतीसाठी सगळे बावीस गुंठे साफ असण्याची गरज नव्हती. घराभोवतीचे वीस फूट, विहिरीची वाट आणि अंगण, एवढं पुरलं असतं. ही विभागणी पहिल्या दिवशी कोणी सुचवली नाही.

त्यांचं दुसरं म्हणणं असं की नराचं झाड कापलं ते अज्ञानाने, त्याला इलाज नव्हता. हे मला पटत नाही. इलाज गडग्याच्या पलीकडे राहत होता. खरेदीच्या आधी मालक तलाठ्याकडे, वकिलाकडे, मोजणीवाल्यांकडे गेले. आजींकडे आणि दादांकडे गेले नाहीत. पाट, राखणदार, नर, उताराची माती, हे सगळं त्या दोघांना तोंडपाठ होतं आणि चहाच्या एका कपावर त्यांनी सांगितलं असतं. हल्ली मी वाडी घेऊ पाहणाऱ्यांना सांगतो की ज्याने तिथे शिंपणं केलं आहे आणि जी शेजारी तिथे नांदली आहे, त्या दोघांना घेऊन सौद्याआधी एकदा फिरा.

पिवळ्या चिंधीचा नियम जानेवारीत असता तर जायफळ वाचलं असतं. फळ नाही, फूल दिसत नाही, नाव ठाऊक नाही, अशा कुठल्याही झाडाला एक अख्खं वर्ष द्यायचं. विहिरीत पाला पडत होता तर जाळी टाकता आली असती. ती पुढे टाकलीच, तिला २,२०० रुपये लागले.

माझी चूक त्या वहीतल्या ओळीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नराचा प्रश्न विचारला असता तर कलम त्याच जूनमध्ये लागलं असतं. एक पावसाळा वाया गेला तो माझ्यामुळे. आता जायफळ लिहिताना मी नर आणि मादी असे दोन रकाने पाडतो आणि एक रिकामा राहिला तर वही मिटत नाही.

गडगा पुन्हा रचताना आजींच्या बाजूची दहा-बारा फूट जागा पूर्ण बुजवली नाही. मालकीणबाईंनी तिथे बेडं (गडगा ओलांडायची वाट) ठेवायला सांगितलं, दोन पायऱ्यांचं, काठी टेकून चढता येईल असं. परवा गेलो तेव्हा आजी त्यातून आत येऊन नराच्या कलमापाशी उभ्या होत्या. दीड फुटाचं झालं आहे, चार नवी पानं आहेत. उन्हाच्या बाजूला त्यांनी झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा करून घेतला होता आणि दादांना सांगत होत्या की पश्चिमेला अजून एक झाप लाव.